निर्लेखित यंत्रांचं गाणं

ह्युलेट-पॅकार्ड कंपनीची १९७०च्या दशकात एका मालिकेतली तीन यंत्रं होती: ६८२५ए, ६८२६ए आणि ६८२७ए. तिघांचं काम एकच, नावही एकच: 'बायपोलर पॉवर सप्लाय/ॲम्प्लिफायर'. पहिलं उणे २० ते अधिक २० व्होल्ट देतं, २ अँपिअरपर्यंत. दुसरं दोन्ही बाजूंना ५० व्होल्ट, १ अँपिअर. तिसरं १०० व्होल्ट, अर्धा अँपिअर. आता समजा, एखाद्या प्रयोगशाळेच्या लिलावात ही तिन्ही समोर मांडली आहेत आणि त्यांतलं एकच घरी नेऊन त्यावर गाणी ऐकायची आहेत. कुठलं उचलाल?

हात शंभर व्होल्टवाल्याकडे जातो. गणित उलटं सांगतं. घरातला स्पीकर साधारण ८ ओहमचा. त्यातून अर्धा अँपिअर शिखर-करंट गेला तर त्याच्यावर पडतात फक्त ४ व्होल्ट, आणि स्पीकरला मिळतो १ वॅट. उरलेले ९६ व्होल्ट कामाविना बसून राहतात. पन्नासवाल्याचा १ अँपिअर ४ वॅट देतो. वीस व्होल्टचं, दिसायला सगळ्यांत गरीब यंत्र २ अँपिअर सोडतं आणि १६ वॅट देऊन जातं. मध्यम आकाराच्या दिवाणखान्यात १६ वॅट पुष्कळ होतात. शेजारी दार वाजवतील इतके.

प्रयोगशाळेतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं घरच्या संगीतासाठी वापरण्याचा नाद जगभर आहे. त्यातली पहिली अट या हिशेबात आली: स्पीकर व्होल्टवर भुलत नाही, त्याला करंट लागतो. पण त्याहून मोठी गोष्ट त्या नावातल्या तिरप्या रेघेत आहे. सप्लाय आणि ॲम्प्लिफायर ही दोन यंत्रं एकाच खोक्यात बसवलेली नाहीत. ते एकच यंत्र आहे.

कुठलाही रेग्युलेटेड पॉवर सप्लाय उघडून पाहा. आत एक स्थिर संदर्भ व्होल्टेज असतं. एक छोटं सर्किट सतत बाहेरच्या व्होल्टेजची त्याच्याशी तुलना करत असतं. फरक दिसला की ते पुढच्या धिप्पाड ट्रान्झिस्टरला कमी-जास्त उघडायला लावतं. म्हणजे बाहेरच्याची आतल्याशी तुलना, चूक दिसली की दुरुस्ती. चांगला ऑडिओ ॲम्प्लिफायरही नेमकं हेच करतो. फरक एवढाच की सप्लायचा संदर्भ हलत नाही आणि ॲम्प्लिफायरचा संदर्भ म्हणजे गाणं. सप्लायचा संदर्भ काढून तिथे भीमसेन जोशींची तान जोडली तर तत्त्वतः तीच तान मोठी होऊन बाहेर पडेल.

तत्त्वतः. व्यवहारात साधा टेबलावरचा सप्लाय दोन ठिकाणी अडतो. एक, तो करंट बाहेर ढकलू शकतो, आत ओढून घेऊ शकत नाही. आणि गाण्याची लाट तर दोन्हीकडे झुलते. दोन, त्याच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर बसवलेला असतो, व्होल्टेज हलू नये म्हणूनच, त्यामुळे झपाट्याने बदलणारा सूर तिथेच बुजतो. ६८२५एसारख्या यंत्रांत हे दोन्ही अडथळे मुद्दाम दूर केलेले होते, कारण प्रयोगशाळेला कधी मोटर दोन्ही दिशांना फिरवायची असते, कधी चुंबकाची कॉइल उलटसुलट चेतवायची असते. संगीत त्यांच्या डोक्यात नव्हतं. पण स्पीकर तरी दुसरं काय आहे? चुंबकातली कॉइलच.

ही चूक-दुरुस्तीची कल्पना मुळात दिवाणखान्यासाठी जन्मलीच नव्हती. बेल लॅबोरेटरीजचे हॅरॉल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी फेरीबोटीने हडसन नदी ओलांडत कामावर जात होते. अडचण दूरध्वनीची होती: लांब पल्ल्याच्या तारेवर एकामागून एक ॲम्प्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येक जण आवाजात आपली थोडी घाण मिसळत जाई. ब्लॅकना सुचलं की बाहेर आलेल्यातला थोडा भाग उलटा करून परत आत सोडला तर ती घाण स्वतःलाच खोडेल. हाताशी असलेल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या अंकातल्या कोऱ्या जागेवर त्यांनी ते मांडलं. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडलं. निगेटिव्ह फीडबॅक त्याचं नाव. आज सप्लायपासून मोबाइलपर्यंत तो सगळीकडे आहे.

१९३०च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियात बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड यांनी पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये पहिलं उत्पादन उभं केलं, ते ध्वनीच्या कंप्रतेचा शुद्ध संकेत देणारा ऑसिलेटर, २००ए. संकेताची उंची डळमळू नये म्हणून ह्युलेटनी त्यात साधा तारेचा छोटा दिवा बसवला. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि संकेत आपोआप आवरला जातो. काही पैशांच्या वस्तूने महागडं काम करून घेण्याची ही नजर मला फार आवडते. पुढच्या २००बी या आवृत्तीचे आठ नग वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने प्रत्येकी ७१.५० डॉलरला विकत घेतले, १९४०च्या 'फँटेशिया' चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी. प्रयोगशाळेचं यंत्र आणि संगीत यांची गाठ तेव्हापासूनची.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही ये-जा वाढली. १९४७च्या एप्रिल-मेमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा १५ वॅटचा ॲम्प्लिफायर छापून आला. विल्यमसन तेव्हा विशीतले होते, व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, बनवणाऱ्या कंपनीत काम केलेले. त्यांनी आपल्या ॲम्प्लिफायरकडून मोजमापाच्या यंत्राची शिस्त मागितली: पूर्ण ताकदीला विकृती एक दशांश टक्क्याच्या आत. लोकांनी तो घरोघरी बांधला. युद्धातून उरलेल्या लष्करी मालाचे ढीग बाजारात होते आणि ट्रान्सफॉर्मर, चोक, व्हॉल्व्ह किलोच्या भावाने मिळत होते, हेही त्यामागचं एक कारण.

व्हॉल्व्हच्या काळातली सर्वांत सुरस गोष्ट मात्र रेग्युलेटर व्हॉल्व्हची आहे. ६एएस७जी हा व्हॉल्व्ह मुळात सप्लायमध्ये बसवायचा म्हणून बनला. ध्वनीसाठी वापरायच्या व्हॉल्व्हमध्ये जे गुण शोधतात त्यांतला एकही त्याच्यात धड नाही. संकेत मोठा करण्याची त्याची ताकद जेमतेम दुप्पट. पण त्याचा अंतर्गत रोध २८० ओहम इतका कमी की तो भरपूर करंट वाहू देतो. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एरवी एक जाडजूड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. तोच गाळून टाकायचं वेड १९५०च्या दशकात ज्युलियस फटरमन यांच्यासारख्या अभियंत्यांनी घेतलं, आणि पुढे हे रेग्युलेटर व्हॉल्व्ह त्या कामी लागले. अमेरिकेतल्या ॲटमा-स्फिअर कंपनीचा एम-६० हा ॲम्प्लिफायर एका स्पीकरसाठी असे आठ व्हॉल्व्ह रांगेने लावतो. प्रत्येकाची तापतार ६.३ व्होल्टवर २.५ अँपिअर खाते. आठांचे झाले १२६ वॅट, नुसते व्हॉल्व्ह ऊबदार ठेवायला, आणि गाण्यासाठी मिळणार ६० वॅट. पुण्याच्या मे महिन्यात हे यंत्र लावायला माणूस खरोखर रसिकच हवा.

सोव्हिएत रशियातला त्याचा थोरला भाऊ ६सी३३सी. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक आपलं मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला आणि पाश्चात्त्य तज्ज्ञांना ते विमान उघडून पाहायला मिळालं. आत ट्रान्झिस्टरऐवजी व्हॉल्व्ह पाहून आधी हसू आलं, मग विचार सुरू झाला. त्या काळच्या सोव्हिएत यंत्रांत व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी बनलेला हा ६सी३३सी शीतयुद्ध संपल्यावर स्वस्तात जगभर पसरला. व्लादिमिर लॅम यांनी आपल्या एमएल२ या १८ वॅटच्या ॲम्प्लिफायरमध्ये असे दोन व्हॉल्व्ह वापरले: एक गाण्यासाठी आणि दुसरा त्याच यंत्राच्या सप्लायमध्ये, त्याच्या मूळ नोकरीवर.

आता आपल्याकडचं बोलू. ज्यांच्या किमतीत एखादी मोटरसायकल यावी अशी यंत्रं आपल्याकडे कॉलेजांत आणि कारखान्यांतच असायची. ठाण्याच्या ॲप्लॅबचा दुहेरी सप्लाय, ० ते ३० व्होल्ट, २ अँपिअर, दोन मीटर आणि चार मुठी असलेला, महाराष्ट्रात डिप्लोमा केलेल्या कितीतरी जणांनी हाताळला असेल. शेजारी सीआरओ (संकेताची लाट पडद्यावर दाखवणारा), फंक्शन जनरेटर (चाचणीचे संकेत देणारा) आणि कोपऱ्यात डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा). या सगळ्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातलेला असतो, कारण यंत्र डेडस्टॉक रजिस्टरात चढलेलं असतं. अभ्यासक्रम बदलतो, नवे डिजिटल संच येतात, समिती बसते आणि जुन्या यंत्रांचं निर्लेखन होतं, म्हणजे ती नोंदीतून काढली जातात. मग निविदा, मग टेम्पो, आणि मग कधी पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात, कधी मुंबईच्या चोर बाजारात, मिक्सरच्या भांड्यांच्या आणि गंजलेल्या पान्यांच्या शेजारी तो ऑइलपेंटचा क्रमांक पुन्हा दिसतो. भाव तांब्याच्या वजनावर ठरतो. यंत्र चालू आहे की बंद, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि त्याला त्याची फिकीरही नसते.

अशा दुहेरी सप्लायचं घरच्या संगीतासाठी काय करायचं? तोडून आतला ट्रान्सफॉर्मर काढणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्याला सप्लायच राहू द्यावं आणि त्याच्यापुढे एक जुना, सरळमार्गी ॲम्प्लिफायर मांडावा: जॉन लिन्स्ले हूड यांचा. हूड ब्रिटिश सेलोफेन कंपनीच्या संशोधनशाळेत इलेक्ट्रॉनिक्सचं काम पाहत. आपला विल्यमसन ॲम्प्लिफायर थकत चालला, त्याच्या तोडीचं काही ट्रान्झिस्टरमध्ये करता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. एप्रिल १९६९च्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये त्यांनी उत्तर छापलं: एका बाजूला फक्त चार ट्रान्झिस्टर, १० वॅट, क्लास ए.

क्लास ए म्हणजे गाणं असो वा नसो, करंट पूर्ण वाहत राहणार. चहा ठेवायचा असो वा नसो, शेगडी पेटलेलीच. ८ ओहमच्या स्पीकरसाठी हूड यांचा आकडा २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर आहे. हे आकडे आणि त्या कॉलेजच्या सप्लायचे आकडे शेजारी ठेवा. ३० व्होल्ट, २ अँपिअर, आणि तेही दोन स्वतंत्र. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. जणू मोजून शिवलेलं. दर बाजूला ३२ वॅट उष्णता, दोन्ही मिळून ६५. म्हणजे हीटसिंकवर कंजुषी नको.

इथे प्रयोगशाळेच्या सप्लायचा जो फायदा होतो तो बाजारातल्या कुठल्याही तयार अडॅप्टरकडे नाही: करंटची मूठ. पहिल्यांदा चालू करताना ती अगदी खाली ठेवायची. जोडणी चुकली असेल तर मीटरचा काटा लगेच सांगतो आणि ट्रान्झिस्टर वाचतो. सगळं ठीक असेल तर मूठ हळूहळू वर न्यायची. पण एक खाच आहे. १.२ अँपिअर ही सरासरी झाली. पूर्ण आवाजाला गाण्याच्या शिखरावर ॲम्प्लिफायर क्षणभर २ अँपिअरच्या आसपास मागतो. मूठ दीडवर ठेवून समाधानाने गाणं लावलं तर तबल्याच्या प्रत्येक थापेला सप्लाय हात आखडता घेईल आणि दोष ॲम्प्लिफायरच्या नावावर लागेल. उपाय सोपा: ॲम्प्लिफायरच्या अगदी जवळ काही हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शिखराचा करंट तो पुरवतो, सप्लाय सरासरी भरत राहतो.

ट्रान्झिस्टरची गंमत वेगळीच. आरसीए कंपनीचा २एन३०५५, कमाल १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट, हा धातूच्या चपट्या टोपीतला ट्रान्झिस्टर कित्येक जुन्या सप्लायच्या पाठीवर बसलेला असतो, आणि तोच हूडच्या ॲम्प्लिफायरमध्ये चालतो. आपल्याकडे गणपतीच्या मंडपापासून लग्नाच्या बॅण्डपर्यंत एका पिढीचे ॲम्प्लिफायर त्याच्यावर चालले. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो आजही मिळतो. मात्र त्या नावाखाली काय मिळेल याची खात्री नाही: टोपीवर नुसता छाप तोच आणि आत चिप चिमुकली, असा नकली माल खूप आहे. म्हणूनच बंद पडलेल्या जुन्या सप्लायच्या हीटसिंकवरचे, माइका वॉशरसकट निघणारे ट्रान्झिस्टर जपून ठेवावेत. मल्टिमीटरवर तपासून घ्यावेत, हे सांगायला नकोच.

फंक्शन जनरेटर थेट स्पीकरला जोडला तर? आवाज येतो, पण फार थोडा. त्याच्या आत ५० ओहमचा रोध मालिकेत असतो. २० व्होल्ट टोकाटोकाचा संकेत देणारा जनरेटर ८ ओहमवर जेमतेम १ व्होल्ट पोचवतो, म्हणजे वॅटचा आठवा भाग. हेच यंत्र ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र तितकीच ताकद सहज देतं, आणि तिथे ती कानाला धोकादायक होईल इतकी जास्त असते. एकच यंत्र एका भारापुढे दुबळं, दुसऱ्यापुढे दांडगं. प्रयोगशाळेचं यंत्र घरी आणताना पाटीवरच्या आकड्यांपेक्षा पुढे काय जोडणार आहोत, हे आधी लिहून ठेवावं.

उलटा प्रवासही झाला आहे. क्राऊन ही अमेरिकेतली कंपनी टेपरेकॉर्डर आणि स्टेजच्या ॲम्प्लिफायरसाठी प्रसिद्ध. तिच्या टेक्रॉन विभागाचे ॲम्प्लिफायर पुढे एमआरआय यंत्रांच्या ग्रेडियंट कॉइल चालवू लागले. त्या यंत्रात आडवं पडल्यावर जी खटखट ऐकू येते ती चुंबकीय क्षेत्रात कॉइल हलल्याची असते. स्पीकर तरी वेगळं काय करतो? डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअर कंपनीचा २७०६ हा ७५ व्होल्ट-अँपिअरचा ॲम्प्लिफायर यंत्रांचे सुटे भाग हादरवून तपासणाऱ्या एक्सायटरसाठी बनला. सेवानिवृत्त झाल्यावर शौकिनांच्या घरी गेला.

आता धोक्यांकडे. इथे घाई नको.

पहिला धोका डीसीचा. प्रयोगशाळेच्या यंत्राला शून्य कंप्रताही वाढवता आली पाहिजे, तो त्याचा गुण. घरच्या स्पीकरला तोच मारक. ६८२५एच्या समोर व्होल्टेजची मूठ असते. घरातल्या पोराने ती फिरवली तर स्पीकरमधून २ अँपिअर सरळ वाहील. आवाज काहीच नाही, आणि कॉइलमध्ये ३२ वॅट उष्णता. धूर दिसेपर्यंत कळत नाही. म्हणून मध्ये कपॅसिटर हवा. ८ ओहम आणि २० कंपनांसाठी हिशेब १००० मायक्रोफॅरडचा येतो, प्रत्यक्षात दुपटीहून अधिक घ्यावा. दोन्हीकडे झुलणाऱ्या यंत्राला तो बिनध्रुवी हवा. किंवा डीसी दिसताच स्पीकर तोडणारं रिले-सर्किट लावावं. हूडच्या मूळ रचनेत आउटपुटला कपॅसिटर आहेच. 'सुधारणा' म्हणून तो काढणारे आपल्या जबाबदारीवर काढोत.

दुसरा धोका अर्थिंगचा. प्रयोगशाळेच्या यंत्राचं धातूचं अंग तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला जोडलेलं असतं. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, संगणक, हे यंत्र, सगळे वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला भिडले की ५० कंपनांची घरघर सुरू होते. ती घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो देणाऱ्याकडून पुन्हा सल्ला घेऊ नका. घरघर घालवायला संकेताच्या तारेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. अर्थ तोडलेलं जुनं यंत्र कधी आपलं धातूचं अंग विजेशी जोडून बसेल, सांगता येत नाही.

तिसरा धोका म्हातारपणाचा. वीस-तीस वर्षं कपाटात पडलेल्या यंत्रातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात. थेट २३० व्होल्टवर लावलं तर फुगतात, क्वचित फुटतात. डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवावं, नाहीतर इलेक्ट्रिशियनचा सिरीज दिवा वापरावा: दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, तसाच लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रांत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकतात. ज्याला हे माहीत नाही त्याने व्हॉल्व्हचं खोकं उघडू नये.

आणि पंखे. प्रयोगशाळेत शांततेची अट नसते. मालकंसाची आलापी आणि मागे पंख्याचा सूं सूं, याला त्याच खोलीत काही इलाज नाही. यंत्र शेजारच्या खोलीत ठेवून स्पीकरच्या लांब आणि जाड तारा ओढणं हाच खरा उपाय.

इतकं करून मिळतं काय? मोजमापात हूडचा दहा वॅट आजच्या स्वस्त चिपपेक्षा फार पुढे नाही. किंबहुना विकृतीचे आकडे पाहिले तर आजच्या हजार-दोन हजारांच्या बोर्डांतले काही त्याला मागे टाकतील. वीज तर तो बेफाम खातो. पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करणाऱ्याने करूच नये. अमर बोस यांनी एमआयटीत असताना १९५६ मध्ये उत्तम आकडे पाहून एक हाय-फाय संच घेतला आणि घरी लावल्यावर निराश झाले. बंगालमधून आलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा हा मुलगा त्यानंतर खोलीत आवाज कसा फिरतो यामागे लागला. १९६४ मध्ये कंपनी निघाली, १९६८ मध्ये ९०१ स्पीकर आला. ९०१ कसा वाजतो यावर आजही भांडणं होतात, पण बोस यांचा मूळ मुद्दा खोटा नव्हता. ॲम्प्लिफायरच्या विकृतीचे दशांश शोधत बसणाऱ्याच्या खोलीत दोन उघड्या भिंती आणि काचेचं कपाट असेल, तर त्याचे सगळे दशांश तिथेच बुडतात. स्पीकरची विकृती तर एक टक्क्याच्या घरातही असू शकते.

माझं मत विचाराल तर क्रम असा: पैसे स्पीकरवर घाला, खोलीत एक जाड सतरंजी आणि पडदे लावा, आणि मग वेळ उरला तर निर्लेखित सप्लाय शोधा. तो आनंद स्वतःच्या हाताने काटा वर चढवत नेण्याचा आहे आणि तो खरा आहे. फक्त त्याला आवाजाच्या श्रेष्ठत्वाचं नाव देऊ नये. चालू स्थितीतलं मोजमापाचं यंत्र मात्र तोडू नका. चांगला सीआरओ किंवा दुहेरी सप्लाय एखाद्या होतकरू पोराच्या टेबलावर पुढची वीस वर्षं काम करेल.

आणि एक विनंती कॉलेजांतल्या प्रयोगशाळा सहायकांना. त्या काळच्या यंत्रांबरोबर जाड मॅन्युअल येत असे, संपूर्ण सर्किट आणि सुट्या भागांच्या यादीसह. निर्लेखनाच्या वेळी यंत्र टेम्पोत चढतं आणि मॅन्युअल रद्दीत जातं. त्या मॅन्युअलशिवाय यंत्र म्हणजे तांब्याचं वजन. रजिस्टरात यंत्राच्या नावापुढे शेरा मारताना मॅन्युअल सुतळीने त्याच्या हँडलला बांधून द्या. कोणीतरी ते वाचेल.